बंदुकीची पाळी शेवटी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत रानटी झालेल्या डुकरांचा उपद्रव हा आज केवळ शिकाऱ्यांचा विषय राहिलेला नाही, तो शेतीच्या अर्थकारणाचा विषय झाला आहे. ही डुकरे मूळची तिथली नव्हेत. १५३९ मध्ये हर्नांडो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्या सैन्याबरोबर चालतीफिरती शिदोरी म्हणून डुकरेही आली. पुढे वसाहतवाल्यांनी आपली जनावरे रानात मोकळी चरायला सोडण्याची पद्धत ठेवली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी काही हौशी धनिकांनी शिकारीसाठी युरोपातून खरी रानडुकरे आणवली. कुंपणे मोडून निसटलेल्या त्या रानडुकरांचा आणि रानात रुळलेल्या पाळीव डुकरांचा संकर होऊन आजची प्रजा तयार झाली. तिची संख्या साठ लाखांच्या आसपास मानली जाते, आणि तीसहून अधिक राज्यांत तिचा वावर आहे.

मक्याची पेरणी झाल्यानंतरच्या रात्री हा कळप शेतात काय करतो, ते पाहण्यासारखे असते. डुकराचे नाक मातीत पुरलेला दाणा अचूक हुंगते. मग ओळ धरून एकेक दाणा उकरत ते पुढे सरकते, आणि सकाळी शेतकऱ्याला पेरलेल्या ओळींच्या जागी उकरलेल्या चऱ्या दिसतात. दुबार पेरणीचा खर्च होतोच, शिवाय हंगामाचे दिवस हातचे जातात. भुईमुगाचीही गत याहून वेगळी नाही. उकरून पडलेल्या खड्ड्यांत यंत्रे आदळतात, आणि अंगात घर्मग्रंथी जवळजवळ निरुपयोगी असल्यामुळे उन्हाळ्यात चिखलात लोळणे ही त्यांची गरज असल्याने ओढे व तळी गढूळ होतात. ब्रुसेलोसिससारखे (जिवाणूंमुळे होणारे) रोग पाळीव जनावरांपर्यंत आणि शिकार सोलणाऱ्या माणसापर्यंतही पोचू शकतात. म्हणून मारलेले डुक्कर साफ करताना हातमोजे घालावेत, असे तिथले पशुवैद्यक आवर्जून सांगतात.

यावर सर्वांच्या तोंडी येणारा पहिला उपाय म्हणजे बंदूक. टेक्ससमध्ये २०११ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या परवानगीने हेलिकॉप्टरमधून डुकरे टिपण्याची मुभा शिकाऱ्यांना मिळाली, आणि २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारण्यासाठी शिकार परवानाही लागत नाही. रात्री उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणी लावलेल्या बंदुका घेऊन शिकारी शेतात जातात, आणि काही शेतमालक त्यासाठी त्यांच्याकडून पैसेही घेतात. इथेच, माझ्या मते, गोम आहे. ज्या प्राण्याच्या शिकारीतून पैसा आणि मौज मिळते, तो प्राणी संपावा असे कोणाला मनापासून वाटेल?

टेनेसी राज्याचा अनुभव या संदर्भात फार बोलका आहे. १९९९ मध्ये तिथे डुकरांच्या शिकारीचा राज्यव्यापी हंगाम खुला करण्यात आला, तो संख्या आटोक्यात यावी म्हणून. तोवर मोजक्याच काउंटींत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत) असलेली डुकरे पुढच्या दशकभरात राज्यातल्या बहुसंख्य काउंटींत दिसू लागली, कारण हौशी मंडळींनी ती ट्रकांतून नव्या जंगलांत नेऊन सोडली. शेवटी २०११ मध्ये राज्याला डुकरांचा ‘शिकारीचा प्राणी’ हा दर्जाच काढून घ्यावा लागला. कॅन्ससने तर २००६ मध्येच डुकरांच्या हौशी शिकारीवर बंदी घातली होती, आणि तिथे हा प्रश्न शेजारच्या राज्यांइतका कधी चिघळला नाही.

नुसती बंदूक पुरी न पडण्याचे दुसरे कारण डुकरांच्या स्वभावात आहे. कळप म्हणजे माद्या व त्यांची पिल्ले. प्रौढ नर बहुधा एकटे हिंडतात. मादी वर्षाच्या आतच वयात येते, गर्भकाळ जेमतेम चार महिन्यांचा, आणि एका वेतात सरासरी पाच-सहा पिल्ले. त्यामुळे संख्या नुसती स्थिर ठेवायची तरी दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरे काढावी लागतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. गोळीबारात कळपातली दोन-तीन पडतात. उरलेली पांगतात, निशाचर होतात आणि पुढे माणसाचा वास आला तरी शेताकडे फिरकत नाहीत. शिकाऱ्याला वाटते, काम फत्ते झाले. प्रत्यक्षात डुकरे शेजारच्या शेतात गेलेली असतात.

म्हणून कळपच्या कळप एकाच वेळी धरण्याची पद्धत आता अधिक विश्वासाची मानली जाते. मोठा गोलाकार सापळा उभारतात. गोल अशासाठी की कोपरे असले की डुकरे तिथे एकमेकांवर चढतात आणि वरून उड्या मारून पळतात. दार उघडे ठेवून काही रात्री आत मका टाकायचा, कॅमेऱ्यावर मोजत राहायचे, आणि शेवटचे भित्रे पिल्लूही आत आल्याची खात्री झाली की मोबाईलवरून दार पाडायचे. या कामात उतावीळपणा महागात पडतो: चार आत असताना दार पाडले, तर बाहेरची उरलेली पुन्हा सापळ्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. २०१४ पासून अमेरिकेच्या कृषी खात्याने डुक्कर-नियंत्रणाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आहे, त्यात सापळे आणि हवाई गोळीबार या दोन्हींचा वापर होतो. २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने डुक्कर-नियंत्रणाच्या प्रायोगिक प्रकल्पांना साडेसात कोटी डॉलर दिले.

बंदूक टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. तिची पाळी सापळ्यानंतर येते. सापळ्याला न भुललेला एकटा नर किंवा हुशार झालेली म्हातारी मादी रात्रीच्या दुर्बिणीनेच गाठावी लागते, आणि ती गोळी मोजक्या सरावलेल्या माणसांनीच झाडावी. त्याआधी शेजारच्या चार शेतमालकांनी एकत्र बसून आपापल्या जमिनीवर हौशी शिकाऱ्यांना त्या काळापुरते बंद ठेवण्याचे ठरवले पाहिजे, कारण एका शेतातल्या बारामुळे दुसऱ्या शेतातल्या सापळ्याभोवती आठवडाभर जमवलेला कळप एका रात्रीत उधळतो.