दंडातील धमनी आणि चुन्याची गाठ

श्रोतेहो, नमस्कार. दंडाच्या आतल्या बाजूने उतरणारी मुख्य धमनी कोपराच्या पुढच्या भागात दोन शाखांत विभागते आणि पंजाला होणारा रक्तपुरवठा बहुतांशी याच वाटेने होतो. या धमनीलगत, सांध्याभोवतालच्या मऊ ऊतींमध्ये, क्वचित कॅल्शियम फॉस्फेटची कठीण गाठ तयार होते. क्यूबातील अस्थिशल्यविशारद अल्बर्टो इन्क्लान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1943 साली या विकाराला ‘ट्यूमरल कॅल्सिनोसिस’ असे नाव दिले. नावात ‘ट्यूमर’ असला तरी हा कर्करोग नव्हे, हे प्रथमच स्पष्ट करतो. कारण त्या भीतीनेच पुष्कळ माणसे तपासणी लांबणीवर टाकतात.

या गाठीचे मूळ बहुधा रक्तात असते. रक्तातील फॉस्फेट वाढले की हाडांतून एक संप्रेरक स्रवते आणि जादा फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकण्याचा संदेश मूत्रपिंडांना देते. काही कुटुंबांत जनुकीय दोषामुळे या संप्रेरकाचे कार्य बिघडते आणि लहान वयातच अशा गाठी येऊ लागतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत मात्र संदेश पोहोचूनही उपयोग होत नाही. प्रौढांच्या रक्तात फॉस्फेट साधारणपणे दर डेसिलिटरला 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम असते. डायलिसिसवरील अनेकांत ते यापेक्षा बरेच अधिक राहते, कारण यंत्र काही तासांत जेवढे फॉस्फेट काढते, त्याहून अधिक दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत आहारातून जमा होते.

गाठ वाढून धमनीवर दाब देऊ लागली की हात पांढुरका व गार पडतो, काम करताना दुखतो आणि मनगटातील नाडी मंद लागते. शेजारून जाणारी मज्जातंतू दाबली गेल्यास बोटांना मुंग्या येतात. त्याच हातात डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे धमनी व शीर जोडून तयार केलेला मार्ग, केलेला असेल तर निदान अधिक अवघड होते, कारण फिस्टुल्यामुळेही पंजाचे रक्त कमी होऊ शकते आणि सारा दोष त्याच्याच माथी मारला जातो. म्हणून दोन्ही मनगटांतील नाडी तुलनेने पाहणे, एक्स-रे काढणे आणि डॉप्लर सोनोग्राफीने रक्तप्रवाह तपासणे आवश्यक ठरते. सी. टी. अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, गाठ आणि धमनी यांचे परस्परांशी नाते नेमके दिसते. काही गाठींच्या पोकळ्यांत भिजवलेल्या चुन्यासारखा पांढरा द्रव असतो.

अशी गाठ चोळून विरघळत नाही. माळीश किंवा दाब देऊन बसवण्याचा प्रयत्न कृपया करू नये. धमनी दबली असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाच्या उपस्थितीत व्हावी, असे मला आग्रहाने वाटते, कारण गाठ धमनीला चिकटलेली असू शकते. परंतु फॉस्फेट तसेच राहिले तर गाठ पुन्हा येते. त्यासाठी फॉस्फेट बांधून ठेवणारी औषधे जेवणासोबतच घ्यावी लागतात, कोला पेये व डबाबंद पदार्थ टाळावे लागतात, डायलिसिसची वेळ चुकवून चालत नाही आणि मानेतील, कॅल्शियमचे नियंत्रण करणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींचीही तपासणी करावी लागते. मूत्रपिंड प्रत्यारोपण यशस्वी झाल्यानंतर काही रुग्णांच्या गाठी हळूहळू लहान झाल्याच्या नोंदी आहेत. हात मात्र अचानक पांढरा, गार आणि बधिर झाला, तर पुढच्या डायलिसिसच्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.