पराटीवर बसलेला गुंडा

(मराठी भाषा गौरव दिनी गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, सरपंच ताई, वाचनालयाचे पदाधिकारी आणि सतरंजीवर बसलेल्या पोट्ट्यांनो,

२७ फेब्रुवारीला भाषेवर गंभीर बोलायची रीत आहे. कुसुमाग्रजांना नमस्कार करून मी ती मोडतो. माझा विषय पत्रिकेत छापलाच आहे: ‘कॉमिक्समधलं वाचकांच्या पत्रांचं पान पुन्हा कसं सुरू करावं’. खाली कोणीतरी पेनाने ‘कायले?’ असंही लिहिलंय. अक्षर ओळखीचं वाटतं. उत्तर देतो, पण आधी एक जुनं भांडण काढतो, कारण ते माझ्या एकट्याचं नाही, अख्ख्या गावाचं आहे.

आपल्या लहानपणी कॉमिक्स म्हणजे बरीचशी हिंदी. मराठीत इंद्रजालचा वेताळ होता, चांदोबा होता, बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून येतच होतं. पण एस.टी. स्टँडवर दोरीला टांगून जे भाड्याने मिळायचं, ते हिंदी. चार आण्यात एक, तिथंच बसून वाचायचं, घरी नेलं तर आठ आणे. अशाच एका कॉमिक्समध्ये, कंपनी दिल्लीची, नाव घेत नाही, नायक गुंडाचा पाठलाग करत कापसाच्या शेतात शिरतो आणि गुंडा झाडाच्या फांदीवर चढून बसतो. कापसाच्या झाडाच्या! आंब्याएवढं झाड, फांद्यांना सफरचंदासारखा कापूस लटकलेला. चित्रकाराने पराटी बापजन्मात पाहिली नव्हती.

मी सहावीत होतो. १५ पैशांचं पोस्टकार्ड घेतलं आणि वऱ्हाडी हिंदीत लिहिलं: “संपादकजी, पराटी पर गुंडा नहीं बैठ सकता. वो मेरे कंबर तक आती है. बैठा तो बोंडं टूटेंगे और मेरा बाप मारेगा.” खाली नाव, इयत्ता, गाव, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, पिनकोडसकट. पिनकोड गुरुजींनी पाठ करून घेतला होता.

पाऊस गेला, वेचणी सुरू झाली, तेव्हा एका अंकात ते पत्र छापून आलं! संपादकाने खाली उत्तरही दिलेलं: “प्रिय मित्र, हमारा गुंडा बहुत हल्का था.” हसता काय? स्टँडवर सगळे असेच हसले होते. आणि मग कोणीतरी बोट ठेवलं. नावापुढे छापलं होतं: नागपुर.

नागपूर! मी तोवर नागपूर पाहिलंही नव्हतं. सर्वांत जास्त चिडले आपले पोस्टमन काका. म्हणे, “कार्ड माह्या हातून गेलं, शिक्का आपल्या पोस्टाचा, अन् नाव नागपूरचं? हे काय झालं बाप्पा?” पारावर चर्चा झाली. एकाचं मत, दिल्लीवाल्यांना यवतमाळ ठाऊकच नसावं. दुसऱ्याचं, मराठवाड्यातल्या पोराचं छापलं असतं तर औरंगाबाद लिहिलं असतं, म्हणून वाईट वाटून घेऊ नये. शेवटी तेव्हाच्या सरपंचांच्या सहीने दुरुस्तीचं कार्ड गेलं. ते छापलं नाही. पुढे त्या पानावर जाहिरात आली, मग पानच गेलं. त्या रागातून हे भाषण आहे, असं समजा. (अध्यक्ष घड्याळ बघतायत. ज्यांची शेतातल्या मोटारीची लाईन रात्री बाराला येते, त्यांच्याकडे अजून वेळ आहे, इतकंच सांगतो.)

हे पत्रांचं पान जगात आलं कसं, तेही मजेशीर आहे. अमेरिकेत स्वस्त टपालदर मिळवायचा तर कॉमिक्समध्ये दोनेक पानं नुसता मजकूर असावा लागे. आधी तिथं रटाळ गोष्टी छापत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की वाचकांची पत्रं छापली तर मजकूरही होतो आणि लेखकाला पैसेही द्यावे लागत नाहीत. डीसी या तिथल्या कॉमिक्स कंपनीचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी तर पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापले. झालं, वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच लिहू लागले, स्वतःची नियतकालिकं काढू लागले. मिझुरीतला रॉय थॉमस नावाचा शाळामास्तर असाच पत्रं लिहिता लिहिता १९६५ मध्ये मार्व्हल या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीत नोकरीला लागला आणि १९७२ मध्ये मुख्य संपादक झाला. मास्तर मंडळींनी नोंद घ्यावी. मार्व्हलचा स्टॅन ली चुका शोधणाऱ्यांना ‘नो-प्राइझ’ द्यायचा. पाकीट घरी यायचं, वर अभिनंदन, आत काहीच नाही. पोरं ते जपून ठेवायची.

आपल्याकडे राज कॉमिक्सचं वाचकांशी बोलणारं ‘ग्रीन पेज’ होतं. ‘टिंकल’ १९८० मध्ये सुरू झालं; अनंत पै म्हणजे अंकल पै मुलांच्या पत्रांना उत्तरं द्यायचे आणि वाचकांनी पाठवलेल्या गोष्टीही छापायचे. तुमचा लाडका सुप्पांडी तमिळनाडूतल्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींमधून आला. चित्रं काढली राम वाईरकरांनी. कोणी लिहिलंच नसतं, तर वाईरकरांनी काढलं कोणाला असतं?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आत्ता सुरू होतोय. बरं, भराभर.

डीसीने २००२ च्या सुमारास ही पानं बंद केली. कारण सांगितलं जातं इंटरनेटचं. मला ते अर्धंच पटतं. जुन्या अंकांचे जाड संग्रह निघतात, त्यातही बऱ्याचदा पत्रांची पानं गाळतात. तिथं कुठं इंटरनेट आडवं येतं? वाचकाच्या मजकुराला किंमत नाही, एवढंच.

मराठीत कॉमिक्स काढणाऱ्या नव्या मंडळींना माझं सांगणं असं: शेवटची दोन पानं पत्रांना द्या. ‘अंक आवडला’ छापू नका, चूक काढणारं छापा, आणि खाली एक ओळ उत्तर द्या, चेष्टेचं असलं तरी चालेल. मुलांचा पूर्ण पत्ता आजच्या काळात नको. नाव, इयत्ता, गाव, तालुका पुरे. पण गाव खरं छापा! अंक आधीच तयार झालेला असतो, त्यामुळे पत्र दोन-तीन अंकांनंतर येईल, हे पहिल्याच पानावर सांगा, नाहीतर पोरं रुसतात. हाताने लिहिलेल्या पत्राचा मोबाईलवर काढलेला फोटोही घ्या. ज्यांची पुस्तकं सुटी निघतात, पुढचा अंकच नसतो, त्यांची अडचण मला कळते. त्यांनी पत्रं पुढच्या पुस्तकात घ्यावीत, कथा वेगळी असली तरी. आणि प्रकाशक नाहीच ऐकले तर आपलं हे वाचनालय आहे. बाहेरच्या फळ्यावर दर महिन्याला पाच पत्रं लावू आणि त्यांची नक्कल प्रकाशकाला पाठवू. ग्रंथपाल मॅडम तयार आहेत, मी विचारलंय. निदान त्या नाही म्हणाल्या नाहीत.

खर्चाचं विचाराल तर पोस्टकार्ड अजून ५० पैशालाच मिळतं. मी गठ्ठा आणलाय, दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. पोट्ट्यांनो, जाताना एकेक उचला, आठ दिवसांत लिहून आणा. मोठ्यांनीही घ्यायला हरकत नाही. फक्त वीजबिलाची तक्रार त्यावर लिहू नका, त्याचा अर्ज वेगळा असतो.