हाताला पाठ असलेला कप्पा

(दृश्य: रात्रीचं स्वयंपाकघर. दिवा बंद. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज.)

रात्रीचे साडेदहा. जेवण होऊन दोन तास झालेत, पोट भरलेलं आहे. तरी एक हात कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे गेलाय. अंधारात, जराही न चाचपडता. जागा त्याला पाठ आहे.

(दृश्य: चिप्सचं पाकीट, अगदी जवळून.)

पाकीट टरकन फाटतं. पहिल्या दोन-तीन चकत्यांची चव लागते. पुढच्यांची लागली होती का, जरा आठवून पाहा. नजर मोबाइलवर, हाताची पाकिटात ये-जा चालू. बोटांना तळाचा खारट चुरा लागतो, तेव्हा कुठे कळतं की संपलं. मग चरफड. ‘उद्यापासून बंद’ ही शपथ. आणि उद्या रात्री साडेदहाला पुन्हा तेच.

आपण याला जिभेचे चोचले म्हणतो आणि स्वतःलाच बोल लावतो. मला तो बोल अन्यायाचा वाटतो.

(दृश्य: सिनेमागृहातला अंधार, मांडीवर पॉपकॉर्नचा डबा.)

२०११ साली डेव्हिड नील, वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिनेमा पाहायला आलेल्यांपैकी काहींना ताजं पॉपकॉर्न दिलं, काहींना सात दिवसांचं शिळं. ज्यांना सिनेमागृहात पॉपकॉर्न खायची सवयच होती, त्यांनी शिळंही ताज्याइतकंच खाल्लं. आवडलं नव्हतं, तरी खाल्लं! पण मीटिंग भरते तसल्या खोलीत बसवून गाण्यांचे व्हिडिओ दाखवले, तेव्हा अशी सवय असणाऱ्यांनीही शिळं कमी खाल्लं. सिनेमागृहातच पण नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही सवयीची पकड सुटली.

म्हणजे खाणं त्या खुर्चीला, त्या अंधाराला, त्या हाताला चिकटलेलं होतं. आपल्या घरात ते सोफ्याला, मालिकेच्या वेळेला, त्या वरच्या कप्प्याला चिकटलेलं असतं.

पदार्थही साधे नसतात. २०१९ साली संशोधक केव्हिन हॉल यांनी एका प्रयोगासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना चार आठवडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न. समोर ठेवलेल्या ताटांत साखर, मीठ, चरबी, तंतू (फायबर) जवळपास सारखेच. हवं तेवढं खा, एवढीच सूचना. अतिप्रक्रिया केलेलं अन्न असताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत सरासरी जवळपास एक किलो वजन वाढलं. ते भराभर खातही होते. मऊ, लगेच विरघळणारा घास पोट ‘पुरे’ म्हणायच्या आत खाली उतरलेला असतो.

(दृश्य: दुपार. पिशवीतून सामान काढणारे हात.)

मग करायचं काय? खरा निर्णय साडेदहाला होतच नाही. तो सामान आणताना होतो. ‘मुलांसाठी घेतलंय’, ‘कुणी आलं-गेलं तर असावं’... ही वाक्यं प्रत्येक घरात बोलली जातात, आणि मनापासून बोलली जातात. पण मुलं झोपल्यावर ते पाकीट कोण फोडतं, हेही त्या घराला माहीत असतं. मोठं पाकीट स्वस्त पडतं खरं. घरात आलं की ते संपवणंही आलंच.

आणलंच, तर पाकिटातून खाऊ नका. वाटीत काढा, पाकीट बंद करून जागेवर ठेवा, आणि टेबलाशी बसून खा. वाटीचा तळ दिसतो, पाकिटाचा दिसत नाही. एवढ्याशा गोष्टीने बराच फरक पडतो.

मुलांपासून मात्र लपवून ठेवू नका. लपवलेल्या डब्याची ओढ दुप्पट होते. घरात नसलेल्या डब्यासाठी रोज भांडण होत नाही.

आणि दुपारचं जेवण नीट जेवा. संध्याकाळी सहाला लागते ती बऱ्याचदा खरीच भूक असते. तिला रागावून उपयोग नाही. कापलेलं फळ, उकडलेलं अंडं, मूठभर दाणे डोळ्यांसमोर तयार असले, तर हात तिकडेही जातो.

वेळ लागेल. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी रुजताना पाहिल्या. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी घडी विस्कटली नाही. काल रात्री पाकीट संपवलं असेल, तर आज उपाशी राहून प्रायश्चित्त घ्यायचं कारण नाही. आजची रात्र आजची.

(दृश्य: पुन्हा तेच स्वयंपाकघर. साडेदहा.)

हात अजूनही वर जातो. तिथे आता घडी करून ठेवलेले टॉवेल आहेत. बोटांना कापड लागतं, हात थबकतो. आणि कितीतरी दिवसांनी तो प्रश्न मनात येतो: भूक लागलीय का?