काळयंत्राचं एकच तिकीट असेल तर जेऊर

भूतकाळात एकदाच जायला मिळालं, तर लोक रायगडावरचा राज्याभिषेक मागतात, कुणी पानिपत मागतं. आमचं तिकीट करमाळा तालुक्यातल्या जेऊरचं. शके १८१९, पौष अमावास्या. शनिवार, २२ जानेवारी १८९८. त्या दुपारी इथे खग्रास सूर्यग्रहण झालं, जेमतेम दोन मिनिटांचं.

सोलापूर शहरात उतरू नका. चंद्राची गडद सावली विजयदुर्गाकडून ईशान्येला सरकत गेली आणि शहर तिच्या पट्ट्याबाहेर राहिलं. तिथे ग्रहण खंडग्रासच दिसलं. सूर्याची बारीक कोर जरी उरली, तरी तिच्या उजेडात किरीट, म्हणजे सूर्याभोवतीचं मंद तेजोवलय, बुडून जातो. म्हणून कुर्डुवाडीच्या पुढे, पुण्याच्या अंगाला जायचं.

घड्याळ आधी लावून घ्या. भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ साली. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. जेऊरच्या स्थानिक वेळेपेक्षा ती सुमारे २० मिनिटं पुढे. तुमच्या मनगटावरची वेळ २९ मिनिटं पुढे. काळ प्लेगचा आहे, रेल्वेत प्रवाशांची तपासणी चालते. हाताशी वेळ ठेवूनच निघा.

जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आहेत. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेलही आले आहेत. कॅम्पबेल यांचा कॅमेरा डोळे भरून पाहावा असा: भिंग ५ इंचांचं, पण नळी ४० फुटांची, सूर्य जिथे येणार तिकडे रोखून पक्की केलेली. नळी सूर्यामागे फिरत नाही. खाली काचेची प्लेटच घड्याळी यंत्रावर हळूहळू सरकते. सूर्याची प्रतिमा साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास पडते. भिंगाचा मनोरा आणि नळीचा मनोरा वेगळे, कारण वाऱ्यानं नळी हलली तरी भिंग हलता कामा नये. प्लेट बदलल्यावर थरथर थांबेपर्यंत थांबावं लागतं, आणि वेळ तर दोनच मिनिटं. त्यातही एका प्लेटवर भागत नाही. कडेजवळचा किरीट प्रखर, बाहेरचा फार मंद. म्हणून एक्स्पोजर काही क्षणभराचे, काही लांब. या तळापासून दूर उभे राहा. पावलांचा हादराही नको.

इथल्या वर्णपटांतून किरीटाच्या प्रकाशातल्या हिरव्या रेषेची जागा नक्की झाली: ५३०३ अँगस्ट्रॉम (तरंगलांबी मोजण्याचं एकक). त्याआधी ती ५३१७ धरत. ही रेषा कशाची, हे त्या माळावर कुणालाच सांगता आलं नसतं. १३ इलेक्ट्रॉन गमावलेलं, दहा लाख अंशांहून तापलेलं लोखंड, हा उलगडा व्हायला आणखी चाळीसएक वर्षं लागली. तुम्ही मात्र ते माहीत असून वर बघणार आहात. जेऊर निवडण्याचं आमचं कारण तेच.

आता तुमचं काम. काजळी धरलेली काच वापरू नका. १४ नंबरची वेल्डिंगची काच न्या. स्पर्शापासून (ग्रहण लागल्यापासून) संमीलनापर्यंत (सूर्य पुरता झाकेपर्यंत) साधारण दीड तास जातो. शेवटच्या मिनिटाला नैर्ऋत्येला बघा, सावली तिकडून येते. सूर्य पुरता झाकला की काच बाजूला करा. सूर्याच्या पश्चिमेला, अगदी जवळ, शुक्र शोधा. मग किरीट बघा. सौरडाग ओसरत चाललेले असल्यानं त्याचे लांब झोत दिसतील. फोटो काढायच्या नादी लागू नका.

चंद्राच्या पश्चिम कडेला गुलाबी रेघ उजळली की पुन्हा काच डोळ्यांवर. तिथूनच सूर्य बाहेर येतो.