संपली की संपवली?

(प्राध्यापकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'महाविद्यालयीन शिक्षकांच्या सेवाशर्ती आणि कायदा'. त्यासाठी एखादा वकील बोलवायचा, तर तुम्ही मराठीच्या निवृत्त मास्तराला उभं केलंत. आता व्याकरण ऐका. 'संपणे' आणि 'संपवणे' यांच्यात एका 'व'चा फरक आहे. त्या 'व'पायी माझी नऊ वर्षं गेली.

मी तात्पुरता होतो. जूनमध्ये आदेश, एप्रिलअखेर निरोप, आणि मध्ये दिवाळीनंतर एका दिवसाचा 'तांत्रिक खंड'. सेवा सलग दिसू नये म्हणून. इथं किती जणांनी हा खंड भोगलाय? हात वर करा. बापरे, मग सांगण्यासारखं फारसं उरलं नाही. तरी सांगतोच.

एका वर्षी माझ्या खंडाच्याच दिवशी विद्यापीठाची स्थानीय चौकशी समिती येऊन ठेपली. विभागात माणसं मोजायला कमी पडत होती. सकाळी सातला शिपाई घरी. कॉलेजात गेलो तर प्राचार्य म्हणाले, "सर, आज तुम्ही नाही आहात, पण दिसा. मस्टरवर सही करू नका, फक्त स्टाफरूममध्ये बसा." बसलो. समितीतले एक वयस्कर गृहस्थ माझ्यापाशी आले नि विचारलं, "किती वर्षं आहात इथं?" मी मास्तर माणूस, तोंडून खरंच गेलं, "आजचा दिवस सोडून सहा." ते हसले. प्राचार्य हसले नाहीत. (हशा) पुढच्या जूनला माझा आदेश तीन आठवडे उशिरा निघाला. योगायोग असेल. त्या दिवसाचा पगार अर्थातच नाही. चहा मात्र मिळाला. तो कुठल्या खात्यावर टाकला, हे मी नंतर हेडक्लार्कना विचारलं होतं. त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं.

असो. शिक्षक म्हणजे नेमका कोण, याचं कायद्याला वर्षानुवर्षं कोडं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांनी कामावरून काढल्याची भरपाई मागितली. औद्योगिक न्यायाधिकरणानं दिली. विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 1963 साली आपल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल दिला की विद्यापीठ हा उद्योगच नव्हे, म्हणून कामगार कायद्याची भरपाई इथं लागू नाही. मुख्य काम शिकवण्याचं, आणि शिकवणारा काही कामगार नाही. म्हणजे बिचाऱ्या चालकांची भरपाई तुमच्या-माझ्यामुळे बुडाली! 1978 मध्ये बंगळूर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठानं ते फिरवलं. शिक्षणसंस्था उद्योग ठरली. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. 1988 मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात निकाल आला: संस्था उद्योग असेल, शिक्षक मात्र कामगार नाही. गिरणी आहे, चालू आहे, पण गिरणी कामगार फक्त शिपाई आणि कारकून.

ग्रॅच्युइटीचं तर विचारूच नका. 1972 च्या कायद्यातल्या व्याख्येत कुशल, अर्धकुशल, अकुशल असे शब्द होते. 2004 मध्ये न्यायालय म्हणालं, शिक्षक यात कुठंच बसत नाही. कुशल नाही, हे मुलं सांगतातच. पण अकुशलही नाही? (हशा) शेवटी संसदेनं 2009 मध्ये व्याख्या बदलली, तीही 3 एप्रिल 1997 पासून मागे जाऊन. खासगी शाळा त्याविरुद्ध भांडत राहिल्या, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुरुस्ती कायम केली. तोवर किती जण निवृत्त झाले, किती गेले...

अध्यक्षांनी चिठ्ठी दिलीय. पाच मिनिटं. अहो, विषय आत्ता कुठं सुरू होतोय! बरं, भराभर सांगतो.

आपल्याला कामगार कायदा नाही, म्हणून महाराष्ट्रात वेगळी व्यवस्था केली. शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांसाठी 1977 चा खासगी शाळा कर्मचारी कायदा, वरिष्ठ महाविद्यालयांसाठी आता 2016 चा सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम. त्यात विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. बडतर्फ केलं, काढून टाकलं, पदावनत केलं किंवा 'अन्य प्रकारे सेवा समाप्त केली', तर तिथं अपील करता येतं. आता क्रियापदं बघा. केलं, टाकलं, समाप्त केली. प्रत्येक ठिकाणी करणारा कुणीतरी आहे. आणि तासिका तत्त्वावरचा, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन देणारा, आदेश काय म्हणतो? 'सत्राअखेर आपली सेवा आपोआप संपुष्टात येईल.' कर्ताच गायब! संस्था म्हणते, आम्ही संपवली नाही, ती संपली. कायद्यानं काढण्यावर पहारा बसवला, तर संस्थांनी काढणंच सोडून दिलं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या 10 टक्क्यांवर जाऊ नयेत असं लिहिलंय. आपापल्या विभागात मोजा, मी बोलत नाही. 2019 मध्ये त्याच आयोगानं अतिथी शिक्षकाला तासाला 1500 आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये सांगितले. तेही कुणाला मिळतात ते चहाच्या वेळी सांगा.

माझं मागणं फार मोठं नाही. अपिलाच्या त्या कलमाखाली एक स्पष्टीकरण हवं: काम शिल्लक असताना मुदत संपली म्हणून कुणाला थांबवलं, तर तीही 'अन्य प्रकारे समाप्ती' धरावी. एवढंच. कामाचा भार आहे की नाही, हे वेळापत्रकावरून कुणालाही दिसतं.

आणि तोवर तरुणांनी एक करा. एप्रिलमध्ये तोंडी निरोप घेऊन घरी जाऊ नका, लेखी आदेश मागा, पोच घ्या. अपिलाची मुदत तीस दिवस, आणि ती आदेश हातात पडल्यापासून मोजतात. माझ्या फाइलमध्ये नेमणुकीचे नऊ आदेश आहेत. काढल्याचा एकही नाही.