आवाज कधी येतो, कधी थांबतो

[दृश्य : रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यालगतचं गॅरेज. पत्र्याची शेड, समोर पांढरी पिकअप. बॉनेट बंद.]

गाडी गॅरेजमध्ये येऊन बराच वेळ झाला, पण बॉनेट अजून उघडलेलं नाही. मेस्त्री गाडीच्या मालकाची उलटतपासणी घेतायत. आवाज गार गाडीला येतो की तापल्यावर? रिकामी असताना येतो की माल भरल्यावर? ॲक्सिलेटर सोडला की थांबतो का? क्लच दाबला की?

मालक तरुण आहे, आंब्याचा धंदा करतो. त्याचं उत्तर ठरलेलं : "येतो ना मेस्त्री, मोठा येतो!"

"मोठा-बारीक नको सांगू. कधी येतो ते सांग."

गाडी सेकंडहँड, कोल्हापुरातून घेतलेली. बीएस-4 (धुराच्या आधीच्या सरकारी नियमातली), म्हणजे एप्रिल 2020 च्या आधीची. आंब्याचा सीझन तोंडावर आलाय. 20-22 किलोचे क्रेट भरून हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि कोल्हापूर गाठायचं, हे हिचं काम. तक्रारी तीन आहेत. मागून घूंऽऽ असा आवाज येतो. गाडी उचलताना खालून टक्क वाजतं. आणि भरली गाडी घाटात दम तोडते, काळा धूर ओकते. आधीच्या दोन गॅरेजांनी निदान केलं होतं. एक म्हणालं डिझेलचा पंप गेला, दुसरं म्हणालं टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग) गेला. दोन्ही खर्च ऐकून पोराच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

[दृश्य : मेस्त्री वाकून मागच्या चाकाजवळचे पाटे बघतात.]

मेस्त्री आधी गाडीभोवती एक फेरी मारतात. मागच्या पाट्यांमध्ये, म्हणजे मालाचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये, एक पाटा जास्तीचा आहे, नंतर बसवलेला. त्याचा रंग वेगळा, गंज वेगळा. या वर्गातल्या पिकअपना कंपनी साधारण 1.3 ते 1.7 टन माल मंजूर करते. जादा पाटा घालणाऱ्याला तेवढ्यावर भागवायचं नसतं. हौद्याच्या कोपऱ्यांत लाल भुकटी बसलीय. गाडीने जांभा चिरा वाहिलाय, आणि मापात वाहिलेला नाही. विकणाऱ्याने "घरगुती वापर" सांगितलं होतं म्हणे. असो. किलोमीटरचा आकडा खोटा पाडता येतो. पाटे, क्लच पेडलचं झिजलेलं रबर आणि हौद्याचा तळ यांना खोटं बोलायला लावणं जरा कठीण असतं.

[दृश्य : गाडी रस्त्यावर. मेस्त्री स्टिअरिंगवर, मालक शेजारी. काचा खाली.]

आता पहिली तक्रार, मागचा घूं. सपाट, मोकळा रस्ता बघून मेस्त्री गाडी पन्नासच्या आसपास नेतात आणि क्लच दाबतात. इंजिनचा आवाज खाली बसतो. घूं मात्र तसाच. गाडीचा वेग उतरतो तसा तोही उतरत जातो. म्हणजे इंजिन सुटलं, क्लच सुटला. आवाज चाकांच्या वेगाशी बांधलेला आहे. चाक, टायर, बेअरिंग, मागची डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी दात्यांची पेटी), एवढ्यातच शोधायचं. एक पाना न लावता निम्मी गाडी संशयातून बाद झाली. हे सपाटीवरच करायचं. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून आवाज ऐकायचा शहाणपणा कुणी करू नये.

टायरही असाच घुमतो, विशेषतः वाकडा झिजलेला. म्हणून गुळगुळीत डांबरावरून गाडी खडबडीत पट्ट्यावर घेतली. टायरचा आवाज रस्ता बदलला की सूर बदलतो, हा बदलला नाही. मग डिफरेन्शियल? तिथले दाते बोलतात ते ॲक्सिलेटरवर. दाबला की एक सूर, सोडला की दुसरा. इथे तसा फरक नाही.

राहिलं चाकाचं बेअरिंग. पण कुठल्या चाकाचं? उजव्या वळणावर घूं वाढला, डाव्या वळणावर जवळजवळ गेला. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या बाजूवर पडतो. भार पडल्यावर जे ओरडतं ते खराब. मागचं डावं.

[दृश्य : गॅरेज. पुढच्या चाकांना दगड लावलेले. मागचं डावं चाक जॅकवर, खाली आधाराला घोडी.]

मालकाला खात्री पटत नाही, म्हणून मेस्त्री त्यालाच खाली बसवतात. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक हात पाट्यावर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. कानाला फारसं काही कळत नाही, पण पाट्यावरच्या तळहाताला खरखर लागते, बारीक वाळूत काही फिरवल्यासारखी. मग उजवं चाक तसंच उचलून फिरवलं. तिथे हात शांत.

अजून एक खूण आहे. कॅमेरा जरा आत नेऊ. डाव्या टायरच्या आतल्या बाजूला काळा, ओला ओघळ, त्यावर धूळ चिकटलेली. बोट लावून मेस्त्री वास घेतात आणि मालकाच्या नाकाशी धरतात. गिअर ऑइलचा तो उग्र वास एकदा घेतला की विसरत नाही. ॲक्सलचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचं, ऑइल अडवणारं सील गेलंय. ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलंय आणि ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर भिजलेत. पोराने तक्रारीत हे सांगितलंच नव्हतं, आता आठवून म्हणतो, "हां, ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते." डावा ब्रेक धरत नव्हता, म्हणून. आवाजाच्या निमित्ताने ब्रेक सापडला. भरल्या गाडीने घाट उतरताना सापडला असता तर हे चित्रीकरण वेगळं झालं असतं. लायनर धुऊन परत बसवायचे नाहीत. ऑइल प्यायलेला लायनर तापला की ते पुन्हा बाहेर टाकतो. नवेच घालायचे, आणि दोन्ही बाजूंचे.

[दृश्य : गाडीखाली. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा.]

टक्कचं निदान त्या मानाने पटकन झालं. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की एक टक्क, रिव्हर्स टाकला की दुसरा टक्क. ताकद इकडून तिकडे जाताना कुठेतरी ढिलेपणा आहे. मेस्त्री गाडीखाली जाऊन शाफ्ट हाताने मागेपुढे पिळतात. मागच्या क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या वाकत्या सांध्याच्या, टोपणाभोवती विटकरी पूड जमलीय. आतल्या बारीक सुयांना ग्रीस मिळालं नाही की त्या गंजतात, झिजतात, आणि ती भुकटी अशी बाहेर येते. क्रॉस बदलायचा.

शाफ्ट उतरवण्याआधी मेस्त्री जोडावर छिन्नीने दोन्हीकडे एकेक खूण करतात. बसवताना खुणेसमोर खूण यायला हवी. घाईत ही खूण राहते, शाफ्ट फिरून बसतो, आणि टक्क गेलेली गाडी दुसऱ्या दिवशी थरथर घेऊन परत येते. मग ग्राहक म्हणतो क्रॉस नकली घातला.

[दृश्य : आता बॉनेट उघडतं.]

तिसरी तक्रार सगळ्यात खर्चाची, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त फसवाफसवी इथेच होते. गाडी ओढत नाही म्हटलं की इंजिन खोलायची भाषा सुरू होते. खरं तर गाडी न ओढण्याची कारणं इंजिनच्या बाहेर भरपूर असतात. ब्रेक चिकटून राहिला तरी गाडी ओढत नाही. चक्कर मारून आल्यावर चारही रिमांजवळ हात नेला की एखादं चाक जास्त तापलेलं कळतं. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागच्या जागी. त्यासाठी हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. इथे पडलं.

मग इंजिनची तब्येत. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवलं. झाकण उडत असेल, भकाभक धूर येत असेल, तर पिस्टन-रिंगा थकल्यात. त्यालाच गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. इथे झाकण जरासं थरथरलं, बस्स. झाकणाच्या आत दुधाळ चिखल नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नाही. ऑइल काळं दिसलं म्हणून मालक घाबरला होता. डिझेल इंजिनचं ऑइल नवं घातलं तरी लवकरच काळं होतं, रंगावर जाऊ नये. उलट, विकायला ठेवलेल्या जुन्या गाडीत ऑइल सोन्यासारखं पिवळं दिसलं तर ते काल-परवाच का बदललं, हे विचारावं.

[दृश्य : लांब स्क्रू-ड्रायव्हर. मूठ कानाशी, टोक इंजिनवर.]

वरून येणारा टिकटिक आवाज टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा. त्यांना हलवणारी कॅमशाफ्ट इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरते, त्यामुळे ही टिकटिकही संथ. सेटिंगने जाते. सायलेन्सरच्या जोडातून गळणारी हवासुद्धा अशीच टिकटिकते, पण इंजिन तापून लोखंड फुगलं की बहुतेक वेळा कमी होते. भ्यायचं ते खालून येणाऱ्या जड ठोक्याला, जो ताण दिला की वाढतो. तो ऐकू आला तर गाडी बंद करायची आणि टो करून आणायची. या गाडीत तो नाही. पंखा आणि बेल्टपासून बाही लांब ठेवून हे ऐकायचं, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

धुराकडे येऊ. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे न जळालेलं डिझेल, किंवा पाण्याची वाफ. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. या गाडीचा धूर काळा, तोही फक्त भार पडल्यावर. रिकाम्या गाडीला काही होत नाही. म्हणजे हवेचा हिशेब आधी.

एअर फिल्टर काढला. चिऱ्याच्या खाणीतली लाल धूळ अजून त्यात होती. फिल्टर नवा आला. धूर थोडा कमी झाला, चढावर दम मात्र तसाच. आधीच्या गॅरेजने स्कॅनर लावला होता, त्यात हवेचा दाब कमी असल्याचा कोड आला होता, आणि त्यावरून टर्बो बदला असा निकाल लागला. स्कॅनर खोटं बोलला नव्हता. दाब कमी आहे एवढंच तो सांगतो. टर्बो हवा कमी देतोय की दिलेली हवा वाटेत गळतेय, हे माणसानेच बघायचं.

[दृश्य : टर्बोपासून इंटरकूलरकडे (हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी पाइप. मेस्त्रींचा अंगठा.]

मेस्त्री पाइपवरून हात फिरवतात. आतून थोडं ऑइल ओलावलेलं असणं चालतं. पण पाइपच्या खालच्या अंगाला, क्लिपच्या जवळ, धुळीचा एक ओला डाग आहे. तिथे पाइप वाकवला आणि रबराचे ओठ उघडले. बोटाच्या पेराएवढी चीर. गाडी उभी असताना ती मिटलेली असते. घाटात टर्बो जोर लावतो, दाबाने चीर फाकते, हवा बाहेर आणि काळा धूर मागे. मालकाला तेव्हा आठवतं की चढावर शूऽऽ असा आवाज यायचा. त्याला वाटायचं खिडकीतून वारा येतोय. रबरी पाइपची किंमत आणि टर्बोची किंमत यांत जमीन-अस्मानाचं अंतर.

डिझेल फिल्टरच्या तळातून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढलं. बाटली ठेवून दिली. थोड्या वेळाने तळाशी पाण्याचा स्वच्छ थर, वर डिझेल. हे पाणी पंपापर्यंत गेलं असतं तर मात्र खर्च खराच झाला असता. फिल्टर बदलला, टाकीचा तळ साफ केला.

आता एक धोक्याची गोष्ट, आणि ही रमतगमत सांगायची नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांमध्ये एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून कुठला सिलिंडर मिसिंग आहे, म्हणजे नीट पेटत नाही, ते शोधायचे. कॉमन रेल इंजिनवर, म्हणजे जिथे एकाच नळीत जबर दाबाचं डिझेल साठवून सगळ्या नोझलना देतात तिथे, हे करायचं नाही. मोटारसायकलच्या टायरमध्ये साधारण दोन बार दाब असतो. कॉमन रेलमध्ये तो हजार बारच्याही वर जातो. त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. अशी धार लागली तर मलम नाही, सरळ हॉस्पिटल.

[दृश्य : आंबा घाट. गाडी भरलेली. मागून धूर दिसत नाही.]

क्रेट भरून गाडी साखरप्याहून घाटाला लागली. जिथे दुसऱ्या गिअरवर यायला लागायचं, तिथे ती तिसऱ्यावर चढली. मोठ्या वळणावर अजून जड जाते. जादा पाटा आहे तोवर जादा माल भरायचा मोह सुटणार नाही, असं मेस्त्रींचं मत. माझंही.

मागचा घूं गेला, टक्क गेलं. आणि मोठे आवाज गेल्यावर एक बारीक आवाज ऐकू यायला लागला. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, की गिअरबॉक्समधून हलकी किणकिण. क्लच दाबला की थांबते. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. मेस्त्रींनी गिअर ऑइल काढून तळाच्या नटावरचं चुंबक बघितलं. बारीक करडा लेप होता, धातूचे तुकडे नव्हते.

"सीझन निघेल का?" मालकाने विचारलं.

"निघेल. नवीन ऑइल टाकतो. जूनमध्ये पाऊस लागला की गाडी इथे आणून लाव, तेव्हा गिअरबॉक्स उतरवू. मधेच आवाज वाढला तर आंबे बघू नकोस, गाडी उभी कर. आणि भरून एक फेरी झाली की पाटे धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टचे नट आवळायला ये, ते आज खोलले होते."