पाव मिलिमीटरची गोष्ट

पडद्यावर ही जी काळी पट्टी धडधडताना दिसतेय, ती दंडातली धमनी. सोनोग्राफीचा प्रोब कोपराच्या जरा वर टेकवलाय. खाली हाताला, रक्तदाब मोजताना बांधतात तसा पट्टा आवळलाय. पूर्ण पाच मिनिटं. बोटं फिकी पडतात, हाताला मुंग्या येतात. आता पट्टा सोडला... अडलेलं रक्त एकदम धावलं आणि मिनिटभरात धमनी रुंदावली. चार मिलिमीटरची नळी, रुंदावली जेमतेम पाव मिलिमीटर.

वनस्पतींतल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळीनं रक्ताभिसरण सुधारतं म्हणतात, तेव्हा बराचसा पुरावा याच पाव मिलिमीटरमध्ये मोजलेला असतो. नळ्या घासूनपुसून स्वच्छ होतात असं जे चित्र रंगवलं जातं, तसं काही घडत नाही.

मग धमनीला सैल हो म्हणून सांगितलं कुणी? तिच्या आतल्या अस्तरानं. एंडोथेलियम. पेशींचा एकच थर, पण काय कामाचा! अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करत होते. तुकडा हाताळताना अस्तर खरवडलं गेलं की धमनी सैल पडेना. अस्तर शाबूत असलं की लगेच पडे. १९८० साली त्यांनी हे जगासमोर मांडलं. अस्तराकडून जाणारा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, काही सेकंदच टिकणारा वायू. १९९८ चं नोबेल या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

या वायूचा एक वैरी आहे, सुपरऑक्साइड, ऑक्सिजनचंच एक आक्रमक रूप. तो गाठतो आणि निरोप वाटेतच संपतो. अँटिऑक्सिडंट गोळी या वैऱ्याला अडवते, अशी सोपी मांडणी असते. पण फ्लॅव्हेनॉलसारखी (कोकोत असणारी अँटिऑक्सिडंट) द्रव्यं आतडं आणि यकृत ओलांडताना बदलतात, रक्तात फार थोडी उरतात. तेवढ्यानं समोरासमोर लढाई होणं अवघडच. ती अस्तराला हा वायू जास्त बनवायला लावत असावीत, हे मला अधिक पटतं.

कोकोतल्या फ्लॅव्हेनॉलचा परिणाम या पट्ट्याच्या चाचणीत दोनेक तासांतच दिसतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१२ मध्ये रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हेनॉलनं रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकायला मदत होते, हा दावा मान्य केला.

पण धमनी रुंदावली म्हणजे हृदयविकार टळला का? अमेरिकेतल्या कॉसमॉस चाचणीत २१,४४२ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हेनॉल दिलं. साडेतीन वर्षांहून अधिक काळ. हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना मिळून १० टक्के कमी झाल्या. मात्र हा फरक योगायोगाचाही असू शकतो. हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू २७ टक्के कमी दिसले. आशा वाटावी असा आकडा, पण चाचणीचा मुख्य प्रश्न तो नव्हता.

वनस्पतीतलं म्हणजे निर्धोक, असंही नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरात असणारं अँटिऑक्सिडंट, दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढला. १९९४ ची ही गोष्ट.

तुम्ही रक्त पातळ करणारं औषध घेत असाल, किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर या कॅप्सूलची बाटलीच डॉक्टरांसमोर ठेवा. काही वनस्पतिअर्कांनी रक्तस्राव वाढू शकतो आणि 'कुठली औषधं चालू आहेत?' या प्रश्नाला उत्तर देताना ही बाटली हमखास विसरली जाते.